टी पेशी जिवाणूची चरबी कशी ओळखते, हे फळ्यावर कसं शिकवावं

मी रत्नागिरीत बारावीला जीवशास्त्र शिकवते. टी पेशी म्हणजे रोगजंतूंशी लढणारी पांढरी रक्तपेशी. ती चरबी कशी ओळखते, हा भाग पाठ करून घेऊ नका, मुलांकडून काढून घ्या.

आधी क्षयाचा जिवाणू, भोवती जाड मेणचट भिंत. तिच्यातलं मायकोलिक आम्ल मोठं काढा: लांब तेलकट शेपट्या आणि पाण्याशी जमणारं छोटं डोकं. शेजारी डेंड्रिटिक पेशी, म्हणजे जंतूंचे अंश टी पेशींना दाखवणारी पेशी, तिच्या पृष्ठभागावर सीडी१बी हे प्रथिन. इथे घाई नको. या प्रथिनात पाणी टाळणारी खोल खाच असते. शेपट्या आत शिरतात, डोकं बाहेर राहतं. भाट्याच्या पुळणीवर शंखात राहणारा खेकडा मुलांनी पाहिलेला असतो, मऊ अंग आत, नांग्या बाहेर. तो आठवायला सांगा. टी पेशीचा ग्राही, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरचं ओळख पटवणारं प्रथिन, ते डोकं आणि खाचेची कड एकत्रच चाचपतो.

टी पेशींना फक्त प्रथिनांचे तुकडे कळतात, हा समज १९९४ साली याच आम्लाने मोडला. प्रथिनांचे तुकडे टी पेशींना दाखवणारं एचएलए माणसागणिक बदलतं, चरबी दाखवणारं सीडी१ (सीडी१बी याच कुटुंबातलं) मात्र जवळपास सगळ्यांत सारखं. म्हणजे एकच चरबी बहुतेकांच्या टी पेशींना दाखवता येईल, म्हणून लसीच्या दृष्टीने मला हे फार मोलाचं वाटतं. उंदरांवरचे प्रयोग इथे अपुरे का पडतात, हेही विचाराच: उंदरात सीडी१बी नसतं.