'व्हिजिल इन अ विल्डरनेस ऑफ मिरर्स' कसा ऐकावा

बँड सोडलेल्या गायकाचा पहिला स्वतंत्र अल्बम लावला की आपला कान नकळत त्यात जुना बँड शोधू लागतो आणि तो सापडला नाही की अल्बम उणा वाटतो. फिश या स्कॉटिश गायकाच्या 'व्हिजिल इन अ विल्डरनेस ऑफ मिरर्स' (पुढे नुसते 'व्हिजिल') या पहिल्या स्वतंत्र अल्बमबाबत असे होण्याचा धोका विशेष आहे, कारण १९८१ साली मॅरिलियन या ब्रिटिश रॉक बँडमध्ये आल्यापासून १९८८मध्ये बाहेर पडेपर्यंत चार स्टुडिओ अल्बमांवर त्याने आवाजाचाच नव्हे, तर शब्दांचाही ठसा उमटवला होता. म्हणून तुलना करावी, पण ती सर्वांत शेवटी.

पहिल्यांदा अल्बम सलग, एका बैठकीत आणि गीते समोर न ठेवता ऐकावा. अल्बमच्याच नावाचे 'व्हिजिल' हे पहिले गाणे जवळजवळ नऊ मिनिटांचे आहे आणि ते अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखे सुरू होते. त्या कुजबुजीसाठी आवाज वाढवून ठेवला तर पुढे सगळी वाद्ये एकदम उसळतात तेव्हा कान दुखतात आणि हात बटणाकडे जातो; तेव्हा आवाजाची पातळी मधल्या भरगच्च भागावरून ठरवावी आणि मग गाणे पुन्हा पहिल्यापासून लावावे. सीडीवर 'द व्हॉयर' हे जास्तीचे गाणे आहे, ते या वेळी वगळलेले बरे. मूळ तबकडीच्या आठ गाण्यांची चढण त्याशिवाय अधिक स्पष्ट जाणवते.

दुसऱ्या वेळी गीते हातात घ्यावीत आणि टेकडीचा माग काढावा. पहिल्या गाण्यात दिसणारी ही टेकडी 'व्ह्यू फ्रॉम द हिल'मध्ये पुन्हा येते. तिच्या माथ्यावर पोचण्याची ओढ आणि तिथे पोचल्यावर काय दिसते हा प्रश्न अल्बमभर रेंगाळत राहतो. पैशाच्या पूजेवरचे, ब्रास वाद्यांनी गजबजलेले 'बिग वेज' या धाग्यात कसे बसते हे तेव्हाच कळते. अल्बमच्या नावातले आरशांचे रान टी. एस. एलियटच्या 'जेरॉन्शन' या कवितेतून आले आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

तिसऱ्या वेळी शब्द बाजूला ठेवून केवळ साथ ऐकावी. यातील बरेचसे संगीत कीबोर्डवादक मिकी सिमंड्स याच्या सोबतीने रचलेले आहे, आणि मला वाटते, त्यामुळेच गिटार इथे गाण्याचा ताबा घेण्याऐवजी आवाजाला वाट करून देते. 'अ जंटलमन्स एक्स्क्यूज मी'मध्ये पियानो आणि तंतुवाद्यांखेरीज जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे फिश श्वास कुठे घेतो, शब्द कुठे तोडतो आणि कुठे मुद्दाम ताणतो हे सगळे उघड्यावर येते. त्याचा आवाज ज्यांना नुसता नाटकी वाटतो त्यांनी या गाण्यापासून आरंभ केला तरी चालेल.

आता तुलनेकडे वळावे, आणि तीसुद्धा नीट साधने घेऊन. मॅरिलियनच्या 'क्लचिंग अॅट स्ट्रॉज' (१९८७) या अल्बमच्या १९९९ सालच्या दोन सीडींच्या आवृत्तीत, फिश बाहेर पडण्यापूर्वीच्या अखेरच्या काळातले डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची ध्वनिमुद्रणे, दिलेले आहेत. त्यातले 'स्टोरी फ्रॉम अ थिन वॉल' आधी ऐकावे. पातळ भिंतीपलीकडच्या घरातली मारहाण ऐकणाऱ्या शेजाऱ्याचे ते शब्द पुढे 'व्हिजिल'वरच्या 'फॅमिली बिझनेस'मध्ये गेले, तर संगीत बँडकडे राहून नवा गायक स्टीव्ह होगार्थ याच्यासह 'सीझन्स एंड' या अल्बमवरचे 'बर्लिन' झाले. तिन्ही गाणी लागोपाठ ऐकली की वाटणी कशी झाली ते कोणत्याही मुलाखतीपेक्षा स्वच्छ कळते: शब्द गायकाबरोबर गेले, चाली बँडपाशी राहिल्या. शेजारच्या भिंतीचे गाणे एका बाजूला तसेच टिकले आणि दुसऱ्या बाजूला भिंतीने दुभंगलेल्या शहराचे गाणे झाले, याचे मला दर वेळी नवल वाटते. डेमोमध्ये वाद्यांच्या गर्दीतून वाट काढणारा आवाज 'फॅमिली बिझनेस'मध्ये खाली उतरतो, जवळ येतो आणि म्हणून अधिक अस्वस्थ करतो. 'सनसेट हिल' या डेमोबाबतही असेच करावे. त्याचे शब्द 'व्ह्यू फ्रॉम द हिल'मध्ये आणि संगीत 'सीझन्स एंड'वरच्या 'द किंग ऑफ सनसेट टाऊन'मध्ये सापडेल.

यानंतर 'सीझन्स एंड' पूर्ण ऐकावा. तो सप्टेंबर १९८९मध्ये आला आणि 'व्हिजिल' जानेवारी १९९०मध्ये, म्हणजे दोन्हींत जेमतेम चार महिन्यांचे अंतर आहे. त्याच क्रमाने, मध्ये दुसरे संगीत न लावता ते ऐकावेत, आणि 'व्हिजिल'च्या शेवटी 'क्लिशे' सुरू झाल्यावर आवाज थोडा वाढवावा, म्हणजे गाण्याच्या अखेरीला गिटार पुढे येते तेव्हा तिला हवी तेवढी जागा मिळेल.