सन अल्ट्रा ५ वर नेटवर्कवरून लिनक्स टाकताना या चुका टाळा

जळगावच्या भंगारवाल्याने वजनावर दिलेलं सन अल्ट्रा ५ (सन कंपनीचा स्पार्क प्रोसेसरचा जुना संगणक) घेताना तो म्हणाला, "भाऊ, चालस का नही, माले माहीत नही." चाललं. पण नेटवर्कवरून बूट होईना, आणि आठवडाभर मी इमेजच, म्हणजे लिनक्स इन्स्टॉलरची बूट होणारी फाइलच, बदलत बसलो. इमेज ठीक होती. मशीन तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम पीसीत बायोस असतो; या मशीनमध्ये बायोस नाही, ओपनबूट आहे. 'ओके' प्रॉम्प्टवर 'बूट नेट' दिलं की ते आरएआरपीने, म्हणजे नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता सांगून, स्वतःचा आयपी विचारतं. घरचा राऊटर याला उत्तर देत नाही. शेजारच्या लिनक्स पीसीवर उत्तर देणारा प्रोग्रॅम, आरएआरपीडी, चालवा; इथर्स फाइलीत मॅक पत्ता आणि नाव, होस्ट्समध्ये त्याच नावाला आयपी. दोन्हीकडचं नाव जुळलं नाही की स्क्रीनवर टाइमआउटच दिसत राहतो. अंदाज करण्याऐवजी पीसीवर नेटवर्कची ये-जा दाखवणारं टीसीपीडम्प लावा, विचारणा येते का आणि उत्तर जातं का, ते लगेच दिसतं.

सगळ्यात जास्त वेळ फाइलीच्या नावाने खाल्ला. आयपी मिळाला की मशीन इमेज टीएफटीपी या साध्या फाइल-सेवेकडून मागतं; तिच्या फोल्डरमध्ये इमेजचं मूळ नाव चालत नाही. आयपीचा प्रत्येक आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पायात), दोन-दोन अंकी, मोठ्या अक्षरांत लिहायचा: १९२.१६८.१.२० असेल तर फाइल सी०ए८०११४. मधली शून्यं गाळू नका आणि टिंबं देऊ नका.

मॅक पत्ता सगळा एफएफ दिसतोय? मशीन मेलेलं नाही. हे १९९८ चं मॉडेल. मॅक पत्ता साठवणाऱ्या एनव्हीरॅम चिपमधली बॅटरी संपलेली असते. ओपनबूटच्या 'एमकेपी' आज्ञेने पत्ता हाताने भरता येतो, सुरुवात ०८:००:२० ने. पण वीज गेली की तो पुसला जातो. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी लाइट जाते, तेव्हा मशीन इन्व्हर्टरवर घेतल्याशिवाय हे काम सुरूच करू नका. चिप बदलणं हाच खरा उपाय.

डिस्कवर सन लेबल, म्हणजे सनच्या पद्धतीचा पार्टिशन तक्ता, हवं; तो डिस्कच्या अगदी सुरुवातीला असतो. पहिलं पार्टिशन शून्य सिलिंडरपासून (डिस्कच्या सुरुवातीपासून) स्वॅपला, म्हणजे मेमरी कमी पडल्यावर वापरायच्या जागेला, दिलंत तर स्वॅप लेबलवरच लिहितो आणि पार्टिशनांचा सगळा तक्ता जातो. तिथे फाइलसिस्टिम ठेवा, स्वॅप नंतर.

आवृत्तीचं थोडक्यात: डेबियन या लिनक्सची शेवटची अधिकृत स्पार्क आवृत्ती ७, व्हीझी. त्यानंतर ६४-बिट स्पार्कसाठीचं स्पार्क६४ डेबियन पोर्ट्समध्ये, म्हणजे अधिकृत यादीबाहेरच्या आवृत्त्यांत, मिळतं.