अमेरिकेतून मुखत्यारपत्र पाठवताय? मोबाइल नोटरीच्या कामात या चुका टाळा

पुण्यातला फ्लॅट विकायचा आहे, खरेदीदारही ठरला आहे आणि मालक मात्र न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहतो, अशा वेळी भावाच्या किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून पाठवणे हाच सोयीचा मार्ग असतो. अमेरिकेत घरी, ऑफिसात, प्रसंगी रुग्णालयातही येऊन सह्या घेणारा मोबाइल नोटरी सहज मिळतो आणि त्याचे काम थोडक्यात उरकते, त्यामुळे शिक्का बसला म्हणजे कागद पक्का झाला, असा समज होतो. प्रत्यक्षात नोटरीने एवढेच पाहिलेले असते की, समोर बसलेली व्यक्ती तीच आहे आणि ती स्वखुशीने सही करत आहे. मजकूर बरोबर आहे का, तो महाराष्ट्रात चालेल का, हे पाहणे त्याचे काम नाही. तो वकील नसेल तर त्याबाबत सल्ला देण्यासही त्याला मनाई असते. तो निकाल लागतो दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या टेबलावर, म्हणून तयारीही त्या टेबलापासून मागे मागे येत करावी लागते.

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ नुसार भारतात न राहणाऱ्या व्यक्तीचे मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यासमोर केलेले आणि त्यांनी प्रमाणित केलेले असावे लागते. म्हणजे वाणिज्य दूतावासात खेटे घातलेच पाहिजेत असे नाही. मात्र अमेरिकेतल्या नोटरीची सही भारतात कोणी ओळखत नाही, म्हणून त्या सहीवर अपोस्टिल, म्हणजे ती सही खरी असल्याचे परदेशात मान्य होणारे सरकारी प्रमाणपत्र, घ्यावे लागते. १९६१ च्या हेग कराराची ही व्यवस्था अमेरिकेत १९८१ पासून आणि भारतात १४ जुलै २००५ पासून लागू आहे.

मसुद्यातच राहून जाणाऱ्या चुका

भारतातल्या वकिलाने पाठवलेल्या मसुद्याच्या शेवटी बहुधा ‘पुणे येथे आज दिनांक’ असे छापलेले असते आणि सही होत असते न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये. नोटरीच्या प्रमाणपत्रावर राज्य आणि काउंटी (तिथला जिल्हा) ही सही ज्या ठिकाणी होते तिथली लिहिली जातात, त्यामुळे एकाच कागदावर दोन गावे येतात आणि आक्षेपाला आयते निमित्त मिळते. स्थळ आणि दिनांक या जागा मसुद्यात मोकळ्या ठेवून त्या सहीच्या वेळी भराव्यात. बाकी एकही जागा कोरी राहू देऊ नये, कारण कोऱ्या जागा असलेला दस्त नोटरी नाकारू शकतो आणि त्याने नाकारला नाही तरी पुढे त्या जागी कोणी काय भरले हा वाद उरतोच.

‘माझी सर्व मालमत्ता’ अशा मोघम शब्दांपेक्षा एका विशिष्ट व्यवहारापुरते मुखत्यारपत्र केव्हाही बरे. त्यात फ्लॅटचा क्रमांक, इमारतीचे नाव, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ आणि मूळ खरेदीखताचा दस्त क्रमांक सूची क्रमांक दोनवरून (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा गोषवारा, ‘इंडेक्स टू’) जसाच्या तसा उतरवावा. दस्त नोंदणीसाठी सादर करण्याचा आणि निष्पादनाची, म्हणजे दस्त सही करून दिल्याची, कबुली देण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिलेला असावा. विक्रीचा अधिकार दिला आणि कबुलीचा राहिला, तर कुरिअरची सगळी फेरी पुन्हा करावी लागते. भारतातून मुद्रांक मागवून त्यावर मजकूर छापण्याचा खटाटोप काही जण करतात, त्याची काही गरज नाही. साध्या, चांगल्या प्रतीच्या कागदावर छापावे, मुद्रांक शुल्काचे काम दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यावर होते.

नाव जुळत नाही, ही सर्वांत मोठी अडचण

मराठी माणसाच्या नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये असते आणि अमेरिकेतल्या कागदांवर ते कुठे पूर्ण, कुठे आद्याक्षर, कुठे गायबच असते. खरेदीखत लग्नाआधीचे असेल तर त्यावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर तिसरेच काहीतरी, अशी तऱ्हा बायकांच्या बाबतीत नेहमी दिसते. नोटरी ओळखपत्रावर दिसेल तेवढेच नाव मान्य करतो. म्हणून मसुद्यात पासपोर्टवरचे नाव मुख्य धरून ‘पूर्वाश्रमीचे नाव’ किंवा ‘उर्फ’ म्हणून खरेदीखतातले नाव द्यावे, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे वेगळे प्रतिज्ञापत्र त्याच बैठकीत करावे आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडावी. ओळखपत्राची मुदत संपलेली नाही ना, हे नोटरीची वेळ ठरवण्यापूर्वी पाहावे. ‘मी तुम्हाला ओळखतो’ एवढे काही राज्यांत पुरते, पण कॅलिफोर्नियात नोटरीची वैयक्तिक ओळख हा पुरावा धरला जात नाही.

नोटरी घरी आल्यावर

वेळ वाचावी म्हणून आधीच सह्या करून ठेवू नयेत. काही प्रकारच्या प्रमाणपत्रांत आधी केलेली सही नोटरीसमोर मान्य केली तरी चालते, परंतु आपल्याकडे कायद्याचे शब्दच ‘समोर निष्पादित’ असे आहेत, तेव्हा प्रत्येक पानावरची सही त्याच्या डोळ्यांदेखत व्हावी. दुय्यम निबंधक कार्यालयांत दोन साक्षीदारांची अपेक्षा असते आणि नोटरी ते सोबत आणत नाही, म्हणून शेजारचे दोन सज्ञान, व्यवहाराशी संबंध नसलेले लोक आधी सांगून ठेवावेत. नोटरीलाच साक्षीदार करण्याचा आग्रह धरू नये. पासपोर्ट आकाराचा फोटो चिकटवून त्यावरून कागदावर येईल अशी सही करावी आणि अंगठ्याचा ठसाही घ्यावा. कॅलिफोर्नियात मुखत्यारपत्र असेल तर नोटरी स्वतःच्या नोंदवहीतही अंगठा घेतो, तो त्याच्या कायद्याचा भाग आहे. दस्तावरचा ठसा वेगळा घ्यावा लागतो. ज्याच्या नावे मुखत्यारपत्र आहे त्याची सही आणि फोटो भारतात नंतर होतात, त्यामुळे नोटरीच्या प्रमाणपत्रात त्याचे नाव येता कामा नये.

नोटरी निघण्यापूर्वी पाच मिनिटे घ्यावीत आणि शिक्का दिव्याखाली धरून पाहावा. तो पुसट आहे का, मजकुरावर किंवा सहीवर चढला आहे का, नाव आणि अधिकारपत्राची मुदत वाचता येते का, प्रमाणपत्रावरचा दिनांक आजचाच आहे का, हे तेव्हाच सुधारता येते. प्रमाणपत्र सुट्या कागदावर असेल तर ते कोणत्या दस्ताचे आणि किती पानांच्या दस्ताचे आहे हे त्यावर लिहून घ्यावे.

नोटरीचा अधिकार त्याच्या राज्यापुरता असतो. केवळ न्यू जर्सीत नेमलेला नोटरी हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्क राज्यात, मॅनहॅटनमधल्या तुमच्या ऑफिसात सही घेऊ शकत नाही, मग तो कितीही जवळचा आणि स्वस्त असो. पैशांबद्दलही आधीच बोलून घ्यावे. कॅलिफोर्नियात एका सहीच्या प्रमाणनाला १५ डॉलरची मर्यादा आहे, पण ये-जा करण्याचा आकार त्यात धरलेला नाही आणि खरे बिल त्यानेच फुगते. व्हिडिओ कॉलवरून होणारे ऑनलाइन नोटरीकरण अनेक राज्यांत कायदेशीर असले तरी महाराष्ट्रातल्या स्थावर मालमत्तेसाठी त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंदणीच्या टेबलावर शाईची सही आणि हाताला लागणारा शिक्काच मागितला जातो.

मुलांकडे राहणाऱ्या आईवडिलांच्या सहीचा प्रश्न निराळा आहे. फक्त मराठी बोलणाऱ्या आजींच्या वतीने नातू दुभाषा म्हणून उत्तरे देऊ लागला, तर कॅलिफोर्नियातला नोटरी काम थांबवतो, कारण सही करणाऱ्याशी त्याचा थेट संवाद होणे तिथे आवश्यक आहे. अशा वेळी मराठी किंवा त्यांना समजेल अशी हिंदी बोलणारा नोटरी शोधावा, नाहीतर वाणिज्य दूतावास गाठावा. त्या केवळ काही महिन्यांसाठी आलेल्या असतील तर कलम ३३ मधली ‘भारतात न राहणारी व्यक्ती’ ही अट त्यांना लागू होते का, हे आधी वकिलाला विचारावे. भारतात परत गेल्यावर तिथल्याच दुय्यम निबंधकासमोर मुखत्यारपत्र करणे पुष्कळदा सोपे पडते.

पासपोर्ट आणि पॅनकार्डाच्या ‘ट्रू कॉपी’वरही नोटरीकडून शिक्का घ्यायचा बेत असेल, तर न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात तो फसतो. तिथल्या नोटरीला अशा प्रती प्रमाणित करण्याचा अधिकार नाही. प्रत खरी असल्याचे निवेदन आपण स्वतः शपथेवर करायचे आणि त्या शपथेवर त्याची सही घ्यायची, हा उपाय आहे.

अपोस्टिल कोणाकडून?

आपण जिथे राहतो त्या राज्याकडून नव्हे, तर नोटरीला ज्या राज्याने नेमले आहे त्या राज्याकडून. अर्ज वॉशिंग्टनला पाठवणे ही ठरलेली चूक. अमेरिकी परराष्ट्र खाते संघराज्याच्या कागदांवर अपोस्टिल देते, राज्याच्या नोटरीच्या सहीवर नाही. कॅलिफोर्नियात ते सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून मिळते. न्यूयॉर्कमध्ये एक पायरी जास्त आहे: आधी काउंटी क्लार्ककडून नोटरीची सही प्रमाणित करून घ्यायची आणि मगच राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ स्टेटकडे जायचे. अर्जात देशाच्या जागी भारत लिहायला विसरू नये. अपोस्टिलचा कागद दस्ताला पक्का जोडून येतो; झेरॉक्स नीट यावी म्हणून त्याची पिन काढली की तो दस्त संशयास्पद ठरतो. वाकडी का होईना, झेरॉक्स तशीच काढावी.

दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यानंतर

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ नुसार राज्याबाहेर निष्पादित झालेला दस्त राज्यात प्रथम आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत सहीच्या नव्हे, तर पोहोचल्याच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून कुरिअरचे पाकीट आणि पावती फेकू नये. तारखेचा तोच पुरावा असतो. शुल्क किती हे स्वतः ठरवण्यापेक्षा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी, अर्ज करावा. आईवडील, भाऊबहीण, पती-पत्नी अशा जवळच्या नातेवाइकाला विनामोबदला विक्रीचा अधिकार दिला तर शुल्क नाममात्र असते, परंतु तोच अधिकार मित्राला किंवा एजंटाला दिला तर खरेदीखताइतके शुल्क लागू शकते, त्यामुळे मुखत्यार कोणाला नेमायचे हा प्रश्न मसुद्याच्याही आधी सोडवावा. नाते सिद्ध करणारा कागदही जवळ असू द्यावा.

प्रत्यक्ष खरेदीखताच्या दिवशी मुखत्याराला एक घोषणापत्र द्यावे लागते: मुखत्यारपत्र लिहून देणारे हयात आहेत, मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही आणि ते अजून अमलात आहे. सही अमेरिकेत होऊन बरेच महिने लोटले असतील, तर मुखत्याराने त्या दिवशी सकाळी फोन करूनच त्यावर सही करावी.