छऱ्याच्या बंदुकीला तेल कुठलं, किती आणि नेमकं कुठे

जून लागला की गोव्यातल्या एअर रायफलवाल्यांचा प्रश्न ठरलेला, नळीवर गंज येतोय, कुठलं तेल मारू? आणि सल्लेही ठरलेले. कोण म्हणतो खोबरेल, कोण म्हणतो शिलाई मशीनचं, एखादा म्हणतो गाडीचं उरलेलं इंजिन ऑइल सोड दोन-चार थेंब भोकात, काय होत नाय. होतं. गंज बाहेर येतो आणि तेल आपण आत ओततो, निम्म्या बंदुकांची वाट यानेच लागते.

आधी कुठल्या बंदुकीबद्दल बोलतोय ते सांगतो. स्प्रिंगवाली, नळी मोडून म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून कॉक करायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची, ४.५ मिमी छऱ्याची, २० ज्यूलच्या आतली म्हणजे लायसन न लागणारी. काजूच्या बागेत डुकरं हाकलायला लायसनवर ठेवलेली काडतुसाची बंदूक हा वेगळा विषय, तिचं इथे काही नाही. आणि हो, ही कागदावर आणि डब्यावर नेम धरायची वस्तू आहे, माडावरच्या पाखरांवर नाही, तिथे वन्यजीव कायदा आडवा येतो आणि यायलाच हवा.

आत काय घडतं ते एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप कळतं. ट्रिगर दाबला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टन समोरची हवा क्षणात दाबतो आणि ती हवा काहीशे अंश तापते. तिथे साधं खनिज तेल असेल तर त्याची वाफ पेट घेते, डिझेल इंजिनात जे होतं तेच, म्हणून त्याला डिझेलिंगच म्हणतात. नळीतून निळसर धूर, जळका वास आणि एरवीच्या ठप्प आवाजाऐवजी फटाक्यासारखा कडक आवाज. लोक खूश होतात की बंदूक आज काय जोरात चालतेय! चालते खरी, पण त्या दणक्याने पिस्टनच्या तोंडाशी हवा अडवणारं सील जळतं, स्प्रिंग तुटते, वर स्कोप असेल तर त्याच्या आतली क्रॉसहेअर हलते, आणि एक छर्रा वर एक खाली गेल्यामुळे नेम तर लागतच नाही.

म्हणून माझा हिशोब सोपा आहे, बाहेरून नेमाने तेलाचा हात फिरवायचा आणि आत जवळजवळ उपास.

आता एकेक तेल घेऊ. खोबरेल अजिबात नको. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाटलीत थिजलेलं असतं ते बघता ना, साधारण २४-२५ अंशाखाली ते गोठतंच, आणि नाही गोठलं तरी काही महिन्यांनी खवट होऊन चिकट थर धरतं, त्यात धूळ बसते. शिलाई मशीनचं तेल चांगलं आहे पण फक्त बाहेरून, म्हणजे नळी, सिलिंडरचा वरचा भाग, स्क्रूची डोकी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुद्धा मिळून जातं आणि स्वस्त आहे, पिस्टनसमोर मात्र एक थेंबही जाता कामा नये. डब्ल्यूडी-४० बद्दल फार गैरसमज आहे. त्या नावातच ते पाणी हटवायचं रसायन असल्याचं सांगितलंय, १९५३ मध्ये ते त्यासाठीच बनलं. पावसात भिजलेली बंदूक सुकवायला झकास, पण गंजापासून महिनोन् महिने राखण करायचं काम त्याचं नाही, मारलंत तर पुसून घ्या आणि वरून खरं तेल लावा. ब्रीचच्या, म्हणजे नळीच्या मागच्या, छर्रा घालायच्या टोकाशी असलेल्या हवेच्या भोकात तर कधीच फवारू नका, तो प्रकार सरळ पेटतो.

सिलिकॉन तेल हे रबर, सिंथेटिक सील आणि ओ-रिंग म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या यांच्यासाठी. ते सहज पेटत नाही म्हणून पिस्टनसमोर तेवढंच चालतं. पण घेताना बघून घ्या, गाडीचा डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉन स्प्रे म्हणजे शुद्ध सिलिकॉन तेल नव्हे, त्यात पेट घेणारी सॉल्व्हंट असतात. छोट्या बाटलीतलं शुद्ध तेल आणा, वर्षानुवर्षं संपत नाही. उलट जिथे लोखंडावर लोखंड जोरात घासतं, म्हणजे स्प्रिंग, तिथे सिलिकॉन कुचकामी, तिथे मॉली लागतं, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइडची ती काळी पेस्ट जी हाताला लागली की दोन दिवस नखातून जात नाही.

लावायच्या आधी बंदूक कॉक केलेली नाही आणि नळीत छर्रा नाही हे बघा, तोंड सुरक्षित दिशेला. नळी मोडलेली असताना ट्रिगरला बोट लावायचं नाही, नळी झटकन वर येते, बोटं जातात आणि स्टॉक म्हणजे लाकडी दस्ताही फुटतो. बिजागरीला तेल द्यायला नळी उघडली असेल तर एक हात नळीवर घट्ट.

बाहेरून सुरुवात करा. आधी सुक्या फडक्याने घाम पुसून काढायचा कारण घामात मीठ असतं आणि मिठावरून तेल फिरवलं तर मीठ तिथेच राहतं. मोरजी-काणकोणसारख्या समुद्राला लागून राहणाऱ्यांना हे वाळपईवाल्यांपेक्षा जास्त लागू, खारा वारा घरात येतोच. मग जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर दोन थेंब तेल, तो तुकडा बोटांनी चोळून चोळून तेल पसरवायचं आणि त्याने नळी पुसायची. पुसल्यावर पोलादावर बोट फिरवलं तर पुसटसा ठसा उमटावा, ओघळ दिसता कामा नये. ओघळ दिसला की ते तेल स्टॉकच्या लाकडात जिरणार आणि लाकूड मऊ पडणार. स्टॉक आणि धातू जिथे भेटतात ती फट, फ्रंट साइटच्या खालची खाच, स्क्रूची डोकी, गंज पहिल्यांदा इथेच धरतो, इथे टूथपिकला कापूस गुंडाळून लावा. पावसाळ्यात हे आठवड्यातून एकदा, शिवाय बंदूक हातात घेतली की ठेवताना दरवेळी.

बिजागरी आणि कॉकिंगच्या दांड्याचा सांधा या दोन जागांना मॉली, तेही हिंगाएवढं. टूथपिकच्या टोकावर घ्यायचं, सांध्याच्या कडेला लावायचं, नळी चार-पाचदा अर्धवट उघडबंद करायची, कॉक होईपर्यंत न्यायची नाही, आणि बाहेर आलेलं पुसून टाकायचं. ट्रिगरच्या आतल्या खटक्यांना हात लावू नका, तिथे निसरडं झालं तर बंदूक आपोआप सुटू शकते.

आता पिस्टनचं सील. जुन्या देशी बंदुकांत बहुतेक चामड्याचा वॉशर असतो, त्याला मात्र तेल लागतं, सुकला की आक्रसतो आणि हवा सोडतो. जोर कमी झालाय, कॉक करताना आतून कोरडा करकर आवाज येतो, तर सिरिंजने सिलिकॉन तेलाचे तीन-चार थेंब ब्रीचच्या त्या बारीक हवेच्या भोकात सोडा, बंदूक दस्ता खाली, नळी वर अशी रात्रभर भिंतीला टेकवून ठेवा. कॉक न केलेल्या बंदुकीत वॉशर भोकाच्या लगेच मागेच असतो, तेल उतरून त्यात मुरतं. सकाळी नळीतून सुका कपडा ओढा, मग छर्रे मारा. पहिले काही वेडेवाकडे जातील, जाऊ द्या.

नवीन बंदुकीत सिंथेटिक सील असतं आणि त्याला बहुतेक वेळा काहीच लागत नाही. बरेच जण ऐकत नाहीत, दर महिन्याला दोन थेंब टाकतात आणि मग विचारतात धूर का येतो. किंचाळल्यासारखा आवाज आला तरच एक थेंब, एकच. आपल्याकडे काय सील आहे ते माहीत नसेल तर कंपनीचं पुस्तक बघा किंवा विकणाऱ्याला विचारा, पण बघायला म्हणून बंदूक उघडू नका, स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते आणि स्प्रिंग दाबून धरणाऱ्या शिकंज्याशिवाय मागचा पिन काढला तर ती तोंडावर येते. आतल्या स्प्रिंगला मॉली लावायचं काम जाणत्या मिस्त्रीला द्या.

नळी आतून साफ करायला रॉड नसला तरी चालेल, मासे पकडायची जाड तंगूस घ्या, दुहेरी करून ब्रीचकडून तोंडाकडे काढा आणि फासात कपड्याचा तुकडा अडकवून ओढा. मोठ्या सुट्टीवर, म्हणजे चवथीला गावी वगैरे जाताना, शेवटचा कपडा हलका तेलाचा. आल्यावर पहिला छर्रा मारायच्या आधी सुका कपडा ओढायलाच हवा, नाहीतर पुन्हा तोच धूर. छर्ऱ्यांना वरून तेल चोळायची पण एक फॅशन आहे, स्प्रिंगच्या बंदुकीत मला ती पटत नाही, तेच तेल पेटतं.

ठेवायची कशी तेही महत्त्वाचं. फोमच्या बॅगेत पावसाळाभर ठेवलीत तर तेल कितीही लावा, फोम ओल धरून बसतो. बंद कपाटात उभी, सोबत सिलिका जेल, त्याचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये सुकवून परत. कपाटाला कुलूप, पोरं असतील तर नक्कीच.

नेम अचानक बिघडला तर तेलाच्या मागे लागण्याआधी स्टॉकचे स्क्रू बघा. आपल्या हवेत लाकूड फुगतं-आक्रसतं, त्यात स्प्रिंगचा हादरा, स्क्रू ढिले होतातच, पाना फिरवला की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पीसीपीवाल्यांसाठी, म्हणजे स्प्रिंगऐवजी आधीच टाकीत हवा भरून ठेवायच्या बंदुकीवाल्यांसाठी, वेगळं सांगतो. त्यात हवा २०० बारच्या घरात दाबलेली असते, तिथे खनिज तेल किंवा साधं ग्रीस म्हणजे स्फोटाला आमंत्रण. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, पंपाला कंपनी सांगेल तेच, मॉली वगैरे काही नको.

आणि काम झालं की हात साबणाने धुवा, जेवायच्या आधी तर हमखास. छर्रे शिशाचे असतात, दमट हवेत त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, डबीत फुंकर मारून ती उडवू नका, तसे छर्रे बाजूला काढा आणि नवीन डबी उघडा.