ऑफसेटचे रोलर लवकर का जातात? मशीनवरच्या या चुका टाळा

बेदाण्याच्या बॉक्सचं काम चालू होतं. हिरव्या सॉलिडमध्ये, म्हणजे सलग भरलेल्या रंगात, शीट पकडणाऱ्या ग्रिपरच्या बाजूला एक आडवी फिकट रेघ यायला लागली. मशीनमनने आधी शाई वाढवली, मग फॉर्म रोलर, म्हणजे प्लेटला शाई लावणारा रबरी रोलर, आणखी दाबून बसवला. रेघ उलट ठळक झाली. संध्याकाळी निदान ठरलं, रोलर गेला. सांगली, मिरज, कुपवाडच्या छापखान्यांत हे मी कितीदा तरी पाहिलंय. त्या दिवशी रोलर शाबूत होता. दाब ढिला केला आणि रेघ गेली.

म्हणून रोलर काढायच्या आधी पाच-सहा शीट ओळीने टेबलावर मांडा. रेघ प्रत्येक शीटवर त्याच जागी असेल, तर बहुतेक वेळा प्लेट सिलिंडरच्या गॅपमधून (प्लेटची टोकं अडकवायच्या खाचेतून) वर येताना रोलर आदळतोय, किंवा दोष सिलिंडर-गियरकडे आहे. रेघ शीटगणिक सरकत असेल, तर मात्र रोलरवर संशय घ्या. रोलरचा घेर प्लेट सिलिंडरच्या घेरात पुरा बसत नाही, म्हणून त्याचा डाग दर फेरीला जागा बदलतो. एकाच शीटवर रेघ दोनदा आली असेल तर मधलं अंतर मोजा. 60 मिमी व्यासाच्या रोलरचा घेर साधारण 188 मिमी भरतो. अंतर ज्या रोलरच्या घेराशी जुळेल, तो काढून हातात घ्या.

दुसरी चूक म्हणजे अंदाजाने सेटिंग करणं. पट्टी काढून बघायला पाच मिनिटं पुरतात. रोलरवर शाई घ्या, मशीन थांबवा, फॉर्म रोलर प्लेटवर टेकवून लगेच उचला. प्लेटवर जी पट्टी उमटते तीच रोलरची खरी हकीकत. बहुतेक मशीनवर ती 4 ते 5 मिमी रुंद हवी, नेमका आकडा आपल्या मशीनच्या पुस्तकात बघावा. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असेल तर नुसतं सेटिंग तिरकं आहे. दोन्ही टोकं जाड आणि मधे बारीक असेल तर टोकं फुगलीत किंवा मधला भाग झिजलाय. अशा रोलरला मधे शाई लागावी म्हणून दाबत राहिलं, की टोकं तापतात, रबर आणखी बिघडतं आणि सोबत बेअरिंगही जातं. पट्टी मधेच तुटत असेल तर तिथे खड्डा किंवा सपाट भाग आहे. तो सेटिंगने भरून येत नाही.

आता धुण्याबद्दल, कारण रोलरचं आयुष्य मला वाटतं इथेच ठरतं. आपल्याकडे रॉकेल-पेट्रोलचं मिश्रण किंवा थिनर सर्रास वापरतात. थिनरने रोलरचं नायट्राइल रबर फुगतं. पेट्रोल झटकन उडतं आणि विरघळलेली शाई तिथेच सोडून जातं. रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो. वर्षभर असं धुतलं की रबरातला मऊपणा निघून जातो. शाईच्या नव्या रोलरची कडकी शोर ए मापावर साधारण 30 च्या आसपास असते. ती दहाएक अंकांनी वाढली, की रोलर दिसायला छान असला तरी शाई नीट वाहत नाही. वाळलेली शाई ब्लेडने खरवडणं तर कधीच नको. केसाएवढा चरा पुढे प्रत्येक सॉलिडमध्ये दिसतो.

त्यातून आपलं बोअरचं पाणी. भांड्याच्या तळाला जो पांढरा क्षार धरतो, तोच रोलरवरही बसतो. कोटेड कागदातला खडू आणि प्लेट जपायला लावतात तो गम त्यात भर घालतात. रबर काचेसारखं चकाकायला लागतं. अनेकांना वाटतं, रोलर किती स्वच्छ झाला! बोट फिरवून बघा, मखमलीचा स्पर्श गेलेला असतो, शाई मधेमधे सुटते. हा थर सॉल्व्हंटने निघत नाही. सॉल्व्हंटने धुतल्यावर कोमट पाण्याने धुवायची सवय ठेवा, आणि आठवड्यातून एकदा कॅल्शियम काढणाऱ्या वॉशने धुऊन वर पुन्हा पाणी मारा. फाउंटनला, म्हणजे प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्याला, क्षार काढलेलं पाणी घ्या आणि पीएच 4.8 ते 5.5 मधे ठेवा.

मोठ्या मशीनवर लहान शीट चालवताना कडेला शाई नसते, रबर कोरडं घासतं आणि तापतं. लग्नसराईत पत्रिका छापताना हे हमखास होतं. टोकांना रोलर पेस्ट लावा. लाईट गेली की रोलर टेकलेलेच राहतात, तेव्हा लगेच हाताने उचलून ठेवा. यूव्ही शाई (अतिनील प्रकाशाने वाळणारी) साध्या रोलरवर एक दिवससुद्धा चालवू नका.

2019 च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या छापखान्यातले रोलर आम्ही रातोरात काढून माळ्यावर नेले. पुराचं पाणी त्यांना लागलं नाही. पण घाईत एकावर एक रचले होते. दहा-बारा दिवसांनी काढले तर प्रत्येकाला एका बाजूने सपाट पट्टा पडलेला. पाण्यातून वाचवलेला जवळजवळ सगळा सेट पुन्हा रबर चढवायला पाठवावा लागला. ते अजून मनाला लागतं. रोलर कायम शाफ्टच्या टोकांवर टेकवून ठेवावा, रबर कशालाही लागता कामा नये. कागदात गुंडाळा, ऊन आणि चालू मोटर यांपासून लांब ठेवा.

रबर चढवायला देताना कुठली शाई आणि कुठला वॉश वापरता ते लिहून द्या, आणि शाफ्ट-बेअरिंगची झीज आधी तपासा. परत आल्यावर टोकांना आणि मधे व्यास मोजूनच बसवा. नवं रबर पहिल्या काही दिवसांत थोडं बसतं, म्हणून आठवड्याने पट्टी पुन्हा काढून बघा.