जमिनीखालची गळकी नळाची लाइन स्वतः बदलताना: मीटरपासून हौदापर्यंत

आतापर्यंत मी पाच घरांची लाइन बदलली आहे. आमची, भावाची, मेहुणीची आणि गल्लीतल्या दोघांची. सगळी घरं लातुरातली, सगळी काळ्या मातीवरची. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तिच्यात पुरलेला लोखंडी पाइप दरवर्षी थोडा थोडा वाकतो. वर गंज असतोच. वीस-पंचवीस वर्षांत आट्यांपाशी पाइपाचा कागद होतो. मग कुणीतरी सांगतं, ‘क्लॅम्प मारा, एम-सील लावा, झालं काम.’ मीही लावलं होतं. एक गळती बुजवली की दोन हातांवर दुसरी सुरू होते, कारण सगळा पाइप एकाच वयाचा असतो. बदलायची तर पूर्ण लाइन बदला.

हा लेख मीटर ते हौद एवढ्यापुरताच आहे. मीटरच्या रस्त्याकडच्या बाजूला हात लावू नका. ते काम पालिकेचं आणि परवानाधारक प्लंबरचं.

गळती आहे याची खात्री पाणी सुटलेलं असतानाच होते. हौदावरचा कॉक पूर्ण बंद करा. पहिली दहा मिनिटं मीटरकडे बघूच नका, तेव्हा त्याला पाइपातली हवा फिरवत असते. नंतरही तबकडीवरची ती छोटी चांदणी फिरत राहिली, तर पाणी जमिनीत मुरतंय. मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी 2016 साली पाहिलेल्या माणसाला ती चांदणी बघवत नाही. पण वाया जाणाऱ्या पाण्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. ते बंद झालं की लाइन रिकामी होते, आत ओढ तयार होते आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जात होतं त्याच भोकातून आजूबाजूचं पाणी आत येतं. शेजारून ड्रेनेज जात असेल तर काय आत येतं ते सांगायला नको. नळाचं पहिलं पाणी गढूळ किंवा वासाचं येत असेल तर काम पुढे ढकलू नका आणि तोवर पाणी उकळून प्या.

सामान: आयएस 4984 छापलेला एचडीपीई पाइप (काळा, वाकणारा प्लास्टिकचा) अखंड गुंडाळीत घ्या, मधे जोड नको. इथे एक घोळ नेहमी होतो. लोखंडी पाइपाचं माप साधारण आतल्या व्यासाचं, एचडीपीईचं बाहेरच्या व्यासाचं. अर्धा इंची लोखंडी पाइपाच्या जागी 20 मिमीचा बसतो, पाऊण इंचीच्या जागी 25 चा. मी सरसकट 25 चाच घेतो. पीव्हीसी स्वस्त मिळतो आणि दुकानदार तोच पुढे करेल, पण काळ्या मातीत कडक पाइप आणि दर तीन मीटरला चिकटवलेला सांधा म्हणजे नव्या गळतीची सोय. फिटिंग्ज, म्हणजे नट आवळून पाइप धरणारे कॉम्प्रेशन जोड, मात्र स्वस्तातल्या घेऊ नका. त्यांच्यातलं काळं रबरी कडंच सगळं पाणी अडवणार आहे.

जुना पाइप उकरत बसू नका. त्याला जिथे आहे तिथेच राहू द्या आणि त्याच्यापासून हातभर लांब नवा चर घ्या. याचा मोठा फायदा असा की नवी लाइन सगळी टाकून होईपर्यंत जुनी चालूच राहते आणि शेवटच्या दिवशी तासाभरात अदलाबदल होते. एक गोष्ट मात्र आधी बघा. जुन्या घरांत विजेचं अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपालाच दिलेलं असतं. मीटरजवळ किंवा मोरीपाशी पाइपाला तार गुंडाळलेली दिसली, तर आधी वायरमनला बोलावून वेगळं अर्थिंग करून घ्या. पाइप कापायचा तो त्यानंतर.

चर दीड-दोन फूट खोल. गाडी उभी राहते तिथे अडीच फूट, आणि तेवढ्या भागात पाइप मोठ्या पाइपातून ओवून न्या. ड्रेनेज ओलांडावं लागलं तर त्याच्या वरून जा आणि तिथे सांधा ठेवू नका. खणायचं पावसाळ्यानंतर, माती ओलसर असताना. मे महिन्यात काळ्या रानावर टिकाव मारून बघा, मग कळेल. विजेची केबल कुठून जाते ते ठाऊक नसेल तर पहार ठेवून द्या आणि खुरप्याने उकरा.

आता सांधे. सगळं काम इथेच फसतं, आणि माझंही इथेच फसलं होतं.

आमच्या घरची लाइन मी एप्रिलच्या भर दुपारी जोडली. गुंडाळी उन्हात उलगडून ठेवली होती, पाइप हाताला चटका देत होता. दोन्ही टोकं फिटिंगमध्ये घातली, नट आवळले, पाइप शिपाईगड्यासारखा सरळ ताणून चरात बसवला आणि स्वतःवरच खूश झालो. पहाटे चारला पाणी सुटलं आणि शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. त्यांच्या तुळशीवृंदावनापर्यंत पाणी गेलं होतं. हौदाकडचं टोक फिटिंगमधून निघून चरात पडलं होतं.

दोन चुका होत्या. पहिली उन्हाची. हा पाइप उष्णतेने भलताच लांबतो आणि थंड झाला की आखडतो. 15 मीटरचा पाइप 25 अंशांनी थंड झाला तर 6-7 सेंटिमीटर तरी आत ओढला जातो. म्हणून पाइप चरात नागमोडी सोडा, ताणू नका. जोडायचं काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पाइप काही तास चरात पडून गार झाल्यावर.

दुसरी चूक जास्त फसवी. कॉम्प्रेशन फिटिंगमध्ये पाइप घालताना तो मधेच अडतो. आपल्याला वाटतं, तळाला टेकला. टेकलेला नसतो. तो रबरी कड्याला अडलेला असतो, आणि खरं बसणं त्याच्या पुढे असतं. म्हणून अंदाजाने घालायचं नाहीच. फिटिंग सुटं करून पाइप आत कुठवर जायला हवा ते मोजा आणि पाइपावर मार्करने खूण करा. पाइप काटकोनात कापा. हॅक्सॉने कापला तर कडेचा कीस काढा आणि बाहेरची धार कानशीने उतरती करा, नाहीतर ती धार रबर कापते. टोक साबणाच्या पाण्यात बुडवा. तेल, ग्रीस काही नको. मग पाइप थोडा पिळत जोर लावा. कडं ओलांडताना हाताला स्पष्ट कळतं, एकदम सैल झाल्यासारखं वाटतं आणि पाइप पुढे सरकतो. खूण फिटिंगच्या तोंडाशी आली, म्हणजे बसला. नट हाताने घट्ट करा, मग पान्याने कसा, आणि कसून झाल्यावर पाइप जोराने ओढून बघा. मी प्रत्येक सांधा दोनदा ओढतो.

त्या नटाच्या आट्यांना टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळणारे प्लंबर मी पाहिलेत. त्याचा काडीचा उपयोग नाही. पाणी रबरी कडं अडवतं, नट फक्त पाइपाला धरून ठेवतो.

टेफ्लॉन लागतो तो लोखंडाच्या बाजूला. तिथेही माझं मत पक्कं आहे. लोखंडी पाइपाच्या बाहेरच्या आट्यांवर प्लास्टिकचं, आतून आटे असलेलं फिटिंग कधीही चढवू नका. लोखंडाचे आटे निमुळते असतात, टेफ्लॉनचे दहा वेढे देऊन जितकं कसाल तितकी पाचर आत ठोकल्यासारखी होते. त्या दिवशी गळत नाही. महिनाभराने उभी चीर जाते, तीही माती बुजवून वर फरशी बसल्यावर. एकतर प्लास्टिकचे बाहेरचे आटे लोखंडी सॉकेटच्या आत जाऊ द्या, नाहीतर आत पितळेची बुशिंग असलेलं फिटिंग घ्या. महाग पडतं, पण पडू द्या. आणि ते फिटिंग आधी लोखंडात बसवा, पाइप त्यात मागाहून घाला. पाइपासकट फिरवलंत तर पाइपाचा पीळ पुढे तुमचाच नट सैल करतो.

मीटरजवळचं जुनं निप्पल (दोन्ही टोकांना आटे असलेला लोखंडी पाइपाचा छोटा तुकडा) सोडवताना दोन पाइप पाने लागतात. एकाने मीटरकडची बाजू धरून ठेवायची, दुसऱ्याने निप्पल फिरवायचं. भावाच्या घरी मी एकाच पान्याने जोर केला. निप्पल जागचं हललं नाही, त्याऐवजी मीटरमागची सगळी लाइन फिरली आणि रस्त्याखाली कुठेतरी तुटली. पुढे अर्ज, रस्ता खोदायची परवानगी, आणि आठवडाभर टँकर. वहिनी अजून तो विषय काढतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. तरीही हललं नाही तर जोर वाढवू नका. निप्पल हॅक्सॉने कापा आणि आत राहिलेल्या तुकड्याला आतून दोन उभे काप द्या. ब्लेड सॉकेटच्या आट्यांपर्यंत पोचू देऊ नका. मग मधली फाक छिन्नीने आत ठोकली की बाकीचा तुकडा सैल पडतो. अर्धा तास जातो, पण रस्ता खोदावा लागत नाही. नव्या जोडणीत मीटरनंतर एक कॉक आणि एक युनियन (पाइप न फिरवता उघडता येणारा जोड) नक्की घाला.

हौदात उतरणारं टोक पाण्याच्या वरच्या पातळीच्या वर ठेवा. ते बुडालेलं असलं तर नळ गेल्यावर हौदातलं पाणी उलटं ओढलं जातं.

तपासणीसाठी नळाची वाट बघू नका. हाताचा प्रेशर पंप भाड्याने मिळतो. लाइन पाण्याने भरा, हवा निघू द्या आणि 6 किलोपर्यंत दाब द्या. मीटर मात्र त्यात सापडू देऊ नका, मीटरनंतरचा कॉक बंद ठेवा. काटा सुरुवातीला थोडा उतरतो, कारण पाइप फुगतो. पुन्हा दाब द्या. त्यानंतरही तासाभरात उतरत राहिला तर सांधे कोरड्या कागदाने पुसून बघा. कागद कुठे भिजतो ते लगेच दिसतं.

पाइपाखाली आणि वर चार-चार बोटं चाळलेला मुरूम किंवा वाळू टाका. काळी माती त्याच्या वर, दगड काढून. पण सांध्यांपाशी हातभर चर उघडाच ठेवा, निदान दोनदा नळाला पाणी येऊन जाईपर्यंत. घरचे कुरकुरतील, त्यावर फळी टाका. पहिल्या दिवशी आलेलं पहिलं दहा मिनिटांचं पाणी झाडांना सोडा. जुन्या लाइनमधून आलेला गाळ तळाशी बसलेला असतो, म्हणून हौदही या निमित्ताने रिकामा करून घासा.

बुजवण्याआधी चरात टेप पसरून, भिंतीपासूनची अंतरं दिसतील असे फोटो काढा. जुन्या लाइनची दोन्ही तोंडं प्लग लावून बंद करा. उरलेला फूटभर पाइप आणि दोन कपलर (दोन पाइप जोडणारी फिटिंग्ज) मीटरच्या पेटीत ठेवून द्या. वर्ष-दोन वर्षांत इंटरनेटवाले केबल टाकायला पहार घेऊन येतातच.