देहदानातून संदर्भ-सांगाडा तयार करताना या चुका टाळा

संदर्भ-सांगाडा म्हणजे इतर हाडं ज्याच्याशी ताडून बघायची तो. वय, लिंग, उंची आणि आजार यांची खात्रीची नोंद असलेला सांगाडाच न्यायवैद्यक संशोधनाच्या उपयोगाचा. नोंद नसेल तर तो वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा अभ्यासाचा बोन सेट, बस्स.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो १ जूनचा. खानदेशात साठी ओलांडलेल्या निम्म्याअधिक माणसांचा वाढदिवस याच दिवशी असावा असं रजिस्टर बघून वाटतं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख पुढे आधारवर गेली आणि देहदानाच्या फॉर्मवरही उतरली. नेहमीचं उदाहरण घ्या. थोरल्याचा जन्म १ जून १९५०, धाकट्याचा १ जून १९५१. बहीण मात्र सांगते, दोघांत चार वर्षांचं अंतर, शाळेत नाव घातलं ते मात्र एकाच वेळी. हे कुणी विचारलंच नाही तर तीन वर्षांची चूक ‘ज्ञात वय’ म्हणून कायमची बसते. जघनसंधीवरून, म्हणजे कटीची दोन हाडं पुढे जिथे जुळतात त्या सांध्यावरून, वय काढण्याच्या सूची-ब्रूक्स (Suchey-Brooks) पद्धतीत सहाव्या, म्हणजे शेवटच्या, टप्प्यातल्या पुरुषाचा पल्ला आधीच ३४ ते ८६ वर्षांचा आहे. तो आवळायला आपण नमुने गोळा करतो आणि त्यातच खोटं वय मिसळतो.

म्हणून फॉर्मवर वयाशेजारी एक रकाना आखायचा: हे वय कशावरून? जन्मनोंद, शाळेचा दाखला की नातेवाइकांचा अंदाज. पुढे विचारायचं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते का, तेव्हा लग्न झालं होतं का, पोरं किती होती. आजीबाई बरोबर सांगतात. फक्त पाच मिनिटं बसावं लागतं, आणि नेमकी तीच कुणाला नसतात. टेनेसी विद्यापीठात १९८१ पासून देहदानातून संग्रह उभा राहिला. तिथे बरेच दाते हयातीतच प्रश्नावली भरून ठेवतात. आपल्याकडेही ती संमतीपत्राबरोबरच द्यावी.

दुसरी चूक घाईची. टोपात पाणी खळखळ उकळायचं, मांस सुटलं की ब्लीच ओतायचं आणि हाडं गच्चीवर टाकायची. उकळल्याने चरबी हाडात आत मुरते आणि हाडाला घट्ट धरणारं कोलॅजन हे प्रथिन विरघळतं. ब्लीचचा अंश धुऊनही आत राहतो आणि हाड वर्षानुवर्षं खात बसतो. त्यात जळगावचं मे महिन्याचं ऊन. बरगड्या वाकतात, दातांना उभ्या चिरा जातात आणि जघनसंधीचा पापुद्रा सुटतो. पांढरंशुभ्र हाड पाहून नवखे खूश होतात, पण मोजायचा पृष्ठभागच गेलेला असतो.

पाणी ५० अंशांच्या आसपास ठेवा, एन्झाइमवाली कपडे धुण्याची पावडर टाका आणि पाणी रोज बदला. टिकवण्यासाठी फॉर्मलिनमध्ये ठेवलेला देह ताज्यापेक्षा खूप वेळ घेतो, कारण फॉर्मलिनने प्रथिनं एकमेकांना घट्ट बांधलेली असतात. चाकूने खरवडू नका, त्या रेघा पुढे जखमा म्हणून वाचल्या जातात. चरबी काढायला पातळ अमोनिया. हाडं सावलीत, पंख्याशिवाय, जाळीवर वाळवायची.

एका टोपात एकच देह. हाताची २७ आणि पायाची २६ हाडं टोपात सुटी सोडली की डावं-उजवं लावताना दिवस जातो. मच्छरदाणीच्या कापडाच्या चार पिशव्या शिवून घ्या, दोन हातांना, दोन पायांना. पाणी ओतताना खाली चाळणी हवीच.

कंठास्थी (गळ्यातलं लहानसं हाड, हायॉइड) आणि गळ्यातली हाडासारखी कडक झालेली कूर्चा मांसाबरोबर फेकली जाते. गळा दाबल्याच्या प्रकरणात कंठास्थीच बघतात, ती आधी काढून वेगळ्या डबीत ठेवा.

टेबलावर मोजलेली देहाची लांबी म्हणजे हयातीतली उंची नव्हे, ती साधारण अडीच सेंटीमीटर जास्त भरते. दोन्ही वेगळ्या रकान्यात लिहा.

नंदुरबारकडच्या देहदात्याच्या घरी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल विचारलंच पाहिजे. त्यात मांडीच्या हाडाचं डोकं खचू शकतं, आणि ते तसं दिसलं की वय किंवा मार म्हणून चुकीचं वाचलं जातं.

क्रमांक सांध्यांवर लिहू नका. हाडावर आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा पातळ थर, त्यावर काळी शाई, वर पुन्हा थर. चिकटपट्टी नको, डिंक उरतो.

आणि ‘अस्थी’. घरचे वर्षभराने येतात, प्रकाशा या तीर्थगावी तापीत सोडायच्या अस्थी मागतात, आणि विभागात सगळे एकमेकांकडे बघतात. सांगाडा कायम राहणार हे संमतीच्या वेळीच, घरातल्या दोघांसमोर, साध्या मराठीत सांगायचं. उरलेल्या ऊतींचं दहन करून ती राख त्यांना द्यायची. दिल्याची तारीख आणि घेणाऱ्याची सही त्याच फाइलीत.